पाडलास तर उचल

शहाजी साळोखे कोल्हापुरात ज्या तालमीत फुटबॉल शिकला, ती मुळात कुस्तीची. फुटबॉलचा संघ मागाहून आला आणि आखाड्याचे कायदे त्याला आयतेच चिकटले. पहिला कायदा वस्तादांचा होता: पाडलास तर उचल. समोरचा दुसऱ्या पेठेचा असो, गेल्या वर्षी त्यानं आपला गुडघा फोडलेला असो, आपल्या धक्क्यानं तो खाली गेला की हात द्यायचा, उभा करायचा, पाठीवरची माती झटकायची आणि मगच पुढं पळायचं. पाडून तसाच निघून जाणारा वस्तादांच्या लेखी खेळाडू नव्हे, पाकीटमार. आणि पडलेल्यानंही उगाच ताठा न दाखवता हात वर करायचा, म्हणजे उचलणाऱ्याला कळतं की गडी उठायला तयार आहे.

हा कायदा शहाजी चेन्नईला घेऊन आला. मरीना रोव्हर्सच्या बचावफळीत तो खेळू लागला. तमिळ त्याला बसचं तिकीट काढण्यापुरती आली, सांबार मात्र मनापासून आवडलं. मैदानात त्याच्या अंगावर आदळणं म्हणजे भिंतीवर आदळणं, पण ही भिंत नंतर वाकून हात द्यायची. त्यामुळे ज्यांना त्यानं पाडलं त्यांचाही त्याच्यावर राग नसायचा. एकंदरीत बरं चाललं होतं, आणि बरं चाललेलं असतं तेव्हाच माणूस हात दाखवून अवलक्षण करून घेतो.

सामना ओरगडम एफसीशी होता. कॉर्नरवरून आलेल्या चेंडूसाठी शहाजी आणि ओरगडमचा विश्वेश राव एकाच वेळी उडाले. दोघांचे डोळे चेंडूवर, दोघांचे हात अंगालगत. चेंडू दोघांनाही मिळाला नाही. शहाजीचं कपाळ विश्वेशच्या कानशिलावर बसलं आणि नारळ फोडल्यासारखा आवाज झाला. शहाजीची भुवई फाटली. विश्वेश उताणा पडला.

पडल्या पडल्या त्याचा उजवा हात वर गेला. सरळ, आकाशाकडे.

शहाजीला कायदा माहीत होता. डोळ्यात उतरणारं रक्त मनगटानं पुसत तो वाकला, त्यानं तो हात धरला आणि वर ओढला. विश्वेशचं अंग अर्धं उचललं गेलं आणि मान मागं लोंबली. तेव्हा कुठं शहाजी थांबला. त्यानं त्याला पटकन खाली ठेवलं, म्हणजे जवळजवळ टाकलंच. पाठीमागून धावत आलेल्या पंचाला दिसलं ते एवढंच: निपचित पडलेल्या माणसाला हा ओढतोय आणि आपटतोय. लाल कार्ड निघालं. ओरगडमच्या पोरांनी शहाजीला ढकललं, कुणी तरी आईवरून शिवी दिली. स्ट्रेचर आलं, गळ्याला पट्टा लावला गेला आणि रुग्णवाहिका विश्वेशला घेऊन गेली.

संध्याकाळपर्यंत त्या प्रसंगाच्या व्हिडिओचा तुकडा गावभर फिरला. कुणा शहाण्यानं उडी कापून टाकली होती आणि ओढणं तेवढं सावकाश करून दाखवलं होतं. सावकाश केलं की साधं डोकं खाजवणं सुद्धा कारस्थान वाटतं. खाली लोकांनी लिहिलं होतं: जनावर. तमिळमध्येही लिहिलं होतं, पण ते शहाजीला वाचता येत नव्हतं, हे एक बरं होतं.

रात्र व्हायच्या आत निरोप आला की विश्वेश शुद्धीवर आहे, मेंदूत रक्तस्राव नाही, मान शाबूत आहे. शहाजीचा जीव भांड्यात पडला. भुवईला टाके घातलेला हा धिप्पाड गडी वेळाचेरीच्या दोन खोल्यांत पंख्याखाली बसून रडला. त्याची बायको कीर्ती बँकेत नोकरीला होती, रोज तऱ्हेतऱ्हेची माणसं बघायची. तिनं त्याला रडू दिलं आणि मग चहा ठेवला.

पण भांड्यात पडलेला जीव फार वेळ तिथं राहिला नाही. लीगच्या शिस्त समितीनं शहाजीला बोलावलं. जाणूनबुजून जखमी केल्याचं ठरलं तर उरलेला हंगाम बंदी, आणि हंगामाच्या शेवटी त्याचा करार संपत होता. ‘जनावर’ असा शिक्का बसलेल्या बचावपटूला दुसरा क्लब कोण घेणार? शिवाय समितीची ख्याती अशी की मोठा खेळाडू असला की कोपर चुकून लागतं आणि लहान असला की मुद्दाम. चोर सोडून संन्याशाला सुळी, असं खेळाडू आपसात म्हणायचे. आता अध्यक्ष नवे आले होते, नारायणस्वामी नावाचे जुने पंच, पण नव्या अध्यक्षाचा काय भरवसा?

एवढं सगळं खरं, तरी शहाजीची झोप वेगळ्याच गोष्टीनं उडाली होती. ती त्यानं अजून कुणाला सांगितली नव्हती.

क्लबचा मॅनेजर आशिष पुण्याचा, गोड बोलणारा. त्यानं बजावलं होतं की सुनावणी होईपर्यंत विश्वेशच्या घराकडे फिरकायचं नाही. कीर्तीनं ते ऐकून घेतलं आणि नवऱ्याला म्हणाली, “आपल्यामुळं माणूस दवाखान्यात गेला आणि तू चोरासारखा घरात बसलाईस. जातोस, का मी जाऊ?”

तो गेला.

विश्वेशचं घर पश्चिम मांबलमला, रेल्वे लाइनीपासून आत. दार त्याच्या आईनं उघडलं. तुळसीबाई शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचं घराणं तंजावूरचं मराठी, कैक पिढ्यांपासून तमिळ देशात राहिलेलं. त्यांनी शहाजीची भुवई बघितली आणि ओळखलं.

“तूंच कां तो?” त्यांनी मराठीत विचारलं.

शहाजी गांगरला. बोलायला म्हणून हिंदीत जुळवून आणलेली वाक्यं सगळी सांडली. “व्हय काकू. मीच.”

“चप्पल तिथं सोड. आंत ये. हळूं बोल, तो निजलाय.” त्यांनी त्याला खुर्ची दाखवली, पण स्वतः उभ्याच राहिल्या. “डोकं आपटलं तें मीं पाहिलं. दोघे उडालांत, दोघे आपटलांत. तें खेळांत होतं. पण पडलेल्या माणसाला ओढलंस कां रे? तें मला सांग.”

शहाजीनं सांगितलं. तालीम सांगितली, वस्ताद सांगितले, वर आलेला हात सांगितला. तुळसीबाई ऐकत राहिल्या. वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या पोराकडे बघतात तसं त्या बघत होत्या, उत्तर कुठं चुकलं ते शोधत.

“हात वर केला म्हणतोस,” त्या म्हणाल्या. “शुद्ध नव्हती, तर हात कसा वर करील?”

“त्येच मला कळंना झालंय, काकू.”

आतून आवाज आला. “अम्मा, कोण?”

खोलीचे पडदे ओढलेले होते. विश्वेश उशीला टेकून बसला होता, डोळ्यांवर काळा चष्मा. “या अण्णा,” तो म्हणाला. “सॉरी, अंधार आहे. लाइट बघितलं की डोकं दुखतं. फोन नाही, टीव्ही नाही. बोअर होतं खूप.”

“लेंकरूं झालंय परत माझं,” तुळसीबाई दारातून म्हणाल्या. “भरवतें, निजवतें. डॉक्टर म्हणाली बरा होईल. सेरी, ठीक आहे.”

शहाजी पलंगाजवळ गेला. तो म्हणाला, “माझं चुकलं लेका.”

“मला काय पण आठवत नाही, अण्णा. कॉर्नर आठवतं. मग एकदम ॲम्ब्युलन्सचं छत. मध्ये सगळं ब्लँक.” विश्वेशनं खांदे उडवले. “तुम्ही ओढलं, की मी उठलो, मला काय माहीत? कमिटीनं विचारलं तर हेच सांगणार. खोटं सांगता येत नाही ना.”

तुळसीबाईंनी काफी आणली, वाटीत टंबलर ठेवून, वर फेस. “पी. गरम आहे तोंवर पी,” त्या म्हणाल्या. “आणि उद्यां तिथं जाशील तेव्हां खरं तेवढं बोल. कमी नको, जास्त नको.”

शहाजी काफी पिऊन उठला. ते घर सोडताना त्याला कितीतरी हलकं वाटलं. ज्यानं शिव्या द्यायच्या त्यानं ‘या अण्णा’ म्हटलं होतं, आणि जिनं दार लावायचं तिनं काफी पाजली होती. तरी ती न सांगितलेली गोष्ट तशीच होती, तळहाताला चिकटलेली.

दुसऱ्या दिवशी समितीच्या कार्यालयाबाहेरच्या बाकावर आशिषनं त्याला शेवटचे धडे दिले. “हे बघ, उडी आपली स्वच्छ आहे. ओढण्याबद्दल एवढंच म्हणायचं: त्यानं हात वर केला, मी मदत केली. त्याच्या पुढचं काही विचारलं, तर आठवत नाही म्हणायचं. तुझ्याही डोक्याला मार होता. टाके आहेत. कोण नाही म्हणेल?”

युक्ती नामी होती. शहाजीनं मान हलवली.

तेवढ्यात दार उघडलं आणि लीगमधला सगळ्यात जास्त गोल करणारा खेळाडू बाहेर आला. त्यानं आधीच्या आठवड्यात एका पोराच्या तोंडावर कोपर मारलं होतं, आणि दरवेळेसारखा एका सामन्यात सुटेल असं सगळ्यांनी धरलं होतं. त्याचा चेहरा एरंडेल प्याल्यासारखा झाला होता. त्याच्या माणसानं फोनवर कुणाला तरी सांगितलं, “सहा.”

शहाजीची पाचावर धारण बसली. त्या बड्या खेळाडूला सहा, तर आपल्याला काय उरलं?

आत तीन जण होते. मधोमध नारायणस्वामी, पांढरे केस, शर्टाची बाही कोपरापर्यंत दुमडलेली. त्यांच्या एका बाजूला लिहून घेणारा, दुसऱ्या बाजूला लीगची डॉक्टर नित्या. त्या दिवशी मैदानावर गळ्याला पट्टा लावणारी हीच. नारायणस्वामींची रेल्वेतली नोकरी उत्तरेत झालेली, त्यामुळे त्यांनी सरळ हिंदीत सुरुवात केली.

“आधी नेहमीच्या वेगानं बघू,” ते म्हणाले. “सावकाश नंतर. सावकाश बघितलं की सगळेच गुन्हेगार दिसतात.”

पडद्यावर उडी दिसली. पुन्हा दिसली, दुसऱ्या कॅमेऱ्यातून. कापून टाकलेला भाग आज सगळ्यांसमोर होता. नारायणस्वामींनी मान डोलावली. “डोळे चेंडूवर. कोपर खाली. उडी मारायला दोघांचाही तितकाच हक्क. या टकरीबद्दल तुमच्यावर काही दोष नाही.”

आशिषनं शहाजीच्या गुडघ्याला हळूच चापट मारली.

मग पुढचं आलं. वर गेलेला हात, आणि तो धरणारा हात. नारायणस्वामींनी चित्र थांबवलं. “हे काय आहे?”

शहाजीनं वस्तादांचा कायदा सांगितला. हिंदी मोडकी होती, पण कायदा छोटा होता. ऐकता ऐकता डॉक्टर नित्या पुढं झुकली.

“त्यानं हात वर केला नाही,” ती म्हणाली. “हात वर गेला. डोक्याला जबर मार बसला की कधी कधी हात असा ताठ होतो, आपोआप. त्या माणसाला त्याची खबर नसते. मेंदू हादरल्याची ती खूण आहे. हा हात दिसला, की त्या माणसाला कुणीही हलवायचं नसतं.”

शहाजीनं पडद्याकडे बघितलं. इतके दिवस त्याला वाटत होतं की विश्वेश त्याच्याकडे हात मागत होता. कुणी मागतच नव्हतं. जी खूण ‘लांब राहा’ सांगते, तिलाच धरून त्यानं ओढलं होतं. वस्तादांच्या साऱ्या शिकवणुकीत हे कुठं नव्हतं, आणि असणार तरी कसं?

“हंगामाच्या सुरुवातीला डोक्याच्या दुखापतीवर वर्ग झाला होता,” नारायणस्वामी म्हणाले. “तुम्ही होता?”

“होतो सर. इंग्रजीत होता, भरभर. हात लावू नका एवढं कळलं होतं. पण मला वाटलं, जो निपचित आहे त्याला. जो स्वतः हात मागतोय त्याला नव्हे.”

“म्हणजे शुद्ध नाही हे तुम्हाला मान लोंबेपर्यंत कळलं नाही.”

हा प्रश्न नव्हता. वाक्य तयार होतं, फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. आशिषचा गुडघा पुन्हा लागला. शहाजीला टंबलरमधली काफी आठवली. कमी नको, जास्त नको.

“नाही सर,” तो म्हणाला. “त्याच्या आधी कळलं होतं.”

आशिषनं डोळे मिटले.

“मी हात धरला, तेव्हा त्याला पकड नव्हती,” शहाजी म्हणाला. “आमच्यात उठणारा माणूस हात धरतो. त्याचा हात लाकडासारखा होता. बोटं मिटलीच नाहीत. तिथंच मला कळायला हवं होतं, आणि थोडं कळलंही होतं. पण लोक बघत होते, सवय होती, ओढला. कॅमेऱ्यात हे दिसत नाही. मलाच माहीत आहे.”

बोलून झालं. तळहाताला चिकटलेली गोष्ट सुटली होती, आता त्याचं काय व्हायचं ते होवो. आशिष भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता, नव्या बचावपटूचा शोध घेत असल्यासारखा.

त्यांना बाहेर बसवलं. बाकावर आशिष म्हणाला, “तू वेडा आहेस का रे?” आणि शहाजी म्हणाला, “व्हय, असंन.”

पुन्हा आत बोलावलं तेव्हा नारायणस्वामींनी चष्मा काढला होता.

“टकरीबद्दल शिक्षा नाही,” ते म्हणाले. “जाणूनबुजून जखमी केल्याचा आरोप काढून टाकला आहे, आणि तसं आम्ही जाहीर करू, म्हणजे त्या तुकड्यावर बोलणाऱ्यांचं तोंड बंद होईल. पकड नाही हे कळूनही ओढलंत, त्याबद्दल तीन सामने. ते तुम्हाला मिळायलाच हवेत.”

“व्हय सर,” शहाजी मराठीतच म्हणाला.

“तुम्ही सांगितलं नसतं तर कदाचित एकही दिला नसता. वाईट वाटतं?”

शहाजीनं विचार केला. वाईट कुठं वाटतंय ते त्यानं चाचपून बघितलं आणि ते सापडलं नाही. जे केलं नाही त्याची शिक्षा झाली नव्हती, जे केलं त्याची झाली होती, आणि दोन्हींचा हिशेब कुणी तरी नीट वेगळा मांडला होता. त्या दिवसापासून छातीवर बसलेला दगड कुणी उचलून बाजूला ठेवावा तसं त्याला झालं.

“नाही सर,” तो म्हणाला. “बरं वाटतंय.”

डॉक्टर नित्या हसली. “आणि तो वर्ग परत होणार आहे,” ती म्हणाली. “सगळ्या क्लबांत, प्रत्येकाला कळेल त्या भाषेत. ताठ हाताचा फोटो दाखवून. तुम्ही माझ्याबरोबर यायचं. हे पकडीचं तुम्ही सांगायचं, मला ते माहीतच नव्हतं.”

घरी गेल्यावर कीर्तीनं चेहरा बघूनच ओळखलं. “किती?” तिनं विचारलं.

“तीन.”

“मग एवढा हसतोस कशाला?”

“माझेच हायत ते,” शहाजी म्हणाला, आणि जेवायला बसला. त्या रात्री तो असा झोपला की सकाळी कीर्तीला त्याच्या तोंडावर पाणी मारावं लागलं.

पुढं तो तीन सामने बाकावर बसला. मधल्या दिवसांत नित्याबरोबर क्लब क्लब हिंडला आणि वर्गात उभा राहून, मोडक्या हिंदीत, न मिटणाऱ्या बोटांबद्दल बोलला. वस्तादांना फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, “आमच्या वेळी असं कोण सांगणारं नव्हतं रं. किती जणांना ओढलं असंल आम्ही.” एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. शहाजीला त्यांच्याबद्दल वाईट वाटलं, आणि ते अजूनही वाटतं.

विश्वेश हळूहळू बरा झाला. आधी चालणं, मग पळणं, मग नुसता चेंडू, आणि डॉक्टरनं सही दिल्यावरच सामना. हंगामाच्या शेवटी मरीना आणि ओरगडम पुन्हा समोरासमोर आले. स्टेडियममध्ये तुळसीबाई डोक्यावर रुमाल घेऊन उन्हात बसल्या होत्या, त्यांच्या शेजारी कीर्ती.

उत्तरार्धात ते व्हायचं ते झालं. चेंडूमागं दोघं पळाले, खांद्याला खांदा लागला आणि विश्वेश गवतावर लोळत जाऊन पालथा पडला. धक्का नियमात होता, पंचानं शिटीही वाजवली नाही. पण सगळं स्टेडियम उठून उभं राहिलं. प्रत्येकाला तो तुकडा आठवला.

शहाजी त्याच्याशेजारी गुडघ्यांवर बसला आणि त्यानं स्वतःचे दोन्ही हात पाठीमागं घट्ट बांधले. “हलू नगंस,” तो म्हणाला आणि मान वळवून ओरडला, “डॉक्टर!”

विश्वेश कुशीवर वळला. “अण्णा, काय झालं नाही. पाय घसरला. हात दे.”

“न्हाई.”

“खरंच बरा आहे.”

“आदी डॉक्टर.”

“दम लागलाय फक्त,” विश्वेश म्हणाला आणि आकाशाकडे बघत पडून राहिला. त्याला हसू येत होतं. पंचानं खेळ थांबवला. नित्या धावत आली, तिनं त्याचे डोळे बघितले, मान तपासली, आज कोण खेळतंय आणि गोल किती झाले ते विचारलं. विश्वेशनं सगळं बरोबर सांगितलं, वर आपण हरतोय याबद्दल तक्रारही केली.

मग त्यानं हात वर केला. कोपरात वाकलेला, बोटं हलवत.

शहाजीनं नित्याकडे बघितलं. तिनं मान डोलावली. तेव्हा त्यानं पाठीमागचे हात सोडवले, वाकला आणि तो हात धरला. विश्वेशची बोटं त्याच्या तळहातावर मिटली आणि त्यांनी घट्ट पकडलं. शहाजीनं त्याला उभा केला आणि त्याच्या पाठीवरचं गवत झटकलं.